पऱ्हाटी कुजते, पण विष कुठे जातं?

प्रश्न : पंधरा वर्षं बीटी कपाशी घेतोय. वेचण्या संपल्या की पऱ्हाटी (कपाशीची उभी वाळलेली झाडं) रोटाव्हेटरनं शेतातच कुटतो. अळी मारणारं ते विष काळ्या मातीत साचत असेल का? (यवतमाळ)

उत्तर : चिकटतं, हे खरं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गुंथर स्टॉट्स्की यांच्या प्रयोगांत बीटी जिवाणूचं प्रथिन, म्हणजे कपाशीत उतरवलेलं तेच विष, चिकणमातीच्या कणांवर अर्ध्या तासात बहुतेक बसलं. मग धुऊनही सहज सुटेना, धोतरावरच्या हळदीसारखं! असं बसलेलं प्रथिन मातीतल्या सूक्ष्मजीवांना पचवणं जड जातं. त्यामुळे ते टिकतं आणि अळीही मारू शकतं. एका प्रयोगात २३४ दिवसांनंतरसुद्धा त्याचा असर होता.

पण प्रयोगशाळेतली शुद्ध माती वेगळी, शेत वेगळं. अमेरिकेत सलग ३ ते ६ वर्षं बीटी कपाशी घेतलेल्या शेतांची माती एलायझा (प्रथिन ओळखणाऱ्या) चाचणीनं तपासली, तर क्राय१एसी, म्हणजे बीटी कपाशीतलं प्रथिन, सापडलं नाही. घट्ट चिकटलेलं प्रथिन सुटून बाहेर आलंच नाही तर एलायझाला ते दिसणार कसं, अशी शंका मलाही आली असती. मात्र तीच माती अळ्यांच्या खाद्यात मिसळूनही पाहिली होती आणि अळ्यांना काही झालं नाही. ती आपली काळी रेगूर माती नव्हती, एवढं ध्यानात असू द्या. आणखी एक : बीटी मक्याच्या मुळांतून हे प्रथिन पाझरतं, स्टॉट्स्की यांच्या प्रयोगांत कपाशीच्या मुळांतून मात्र ते पाझरताना आढळलं नाही. म्हणजे तुमच्याकडे हिशेब मुख्यतः पऱ्हाटीचा आणि गळलेल्या पाल्याचा.

प्रश्न : आमच्या जांभ्या मातीतही असंच होतं का? (रत्नागिरी)

उत्तर : होतं, पण कमी. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं, तुमच्याकडे केओलिनाइट. पहिल्याच्या एका ग्रॅमला आतले थर धरून सात-आठशे चौरस मीटर पृष्ठभाग असतो. गंमत अशी की प्रथिनाचा रेणू त्या थरांत फारसा शिरतच नाही, बाहेरूनच चिकटतो. तरीही केओलिनाइटपेक्षा इथं जागा जास्त. सामूचाही (पीएच) संबंध येतो. माती अल्कधर्मी झाली की पकड सैल होते.

प्रश्न : कोबीवर बीटी पावडर फवारतो. बंधाऱ्याचं गढूळ पाणी चालेल? (नाशिक)

उत्तर : नको. प्रथिन गाळाला चिकटून पंपाच्या तळाशी बसतं, पानावर कमी पोचतं. डासांच्या अळ्यांसाठी बीटी वापरतात, तिथंही गढूळ पाण्यात परिणाम घटतो. पाणी रात्रभर निवळू द्या, फडक्यातून गाळा आणि फवारणी संध्याकाळी करा. उन्हात हे औषध लवकर मरतं.

प्रश्न : गुलाबी बोंडअळी आता मरत नाही, ते मातीतल्या या विषामुळे का? (जालना)

उत्तर : नाही. ती कोषात जायला जमिनीत उतरते, माती खात नाही. तिची सहनशक्ती बोंडातलं प्रथिन पिढ्यान्‌पिढ्या खाऊन वाढली. फरदड (हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून बोंडं घेणं) ठेवणं तेवढं बंद करा.