कॉरोनरी धमनी बांधण्याच्या प्रयोगात तुलनेचा गट, मृत प्राणी आणि वेदनाशमन

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. रॅटची डावी कॉरोनरी धमनी (हृदयस्नायूला रक्त पुरवणारी) टाका घालून बांधायची आणि त्यातून उद्भवणाऱ्या इन्फार्क्टवर, म्हणजे रक्त न मिळाल्याने मृत झालेल्या हृदयस्नायूच्या भागावर, नवे औषध तपासायचे असेल, तर शस्त्रक्रिया न केलेले प्राणी तुलनेला पुरतील का. पहिल्या दिवशी दगावणारे प्राणी हिशेबातून वगळता येतील का. आणि वेदनाशामकाने दाह कमी होऊन निष्कर्ष बिघडू नये म्हणून ते न देणे योग्य ठरेल का. तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर नकारार्थी आहे आणि कारणही एकच आहे: या प्रयोगात आजार शस्त्रक्रियेतूनच निर्माण होतो, त्यामुळे टेबलावर जे जे घडते ते सारे अखेरच्या मोजमापात उतरते.

भूल, श्वासनलिकेतली नळी, कृत्रिम श्वसन, बरगड्यांमधून उघडलेली छाती आणि उकललेले हृदयावरण यांपैकी प्रत्येक गोष्ट शरीरात दाह आणि ताण निर्माण करते. आयसोफ्लुरेनसारखे भूल देणारे औषध तर स्वतःच हृदयस्नायूचे काही अंशी संरक्षण करते. म्हणून तुलनेच्या गटावर शॅम शस्त्रक्रिया हवी: सर्व पायऱ्या तशाच, भुलेचा कालावधीही तेवढाच, सुई धमनीखालून न्यायची, पण दोरा आवळायचा नाही. शस्त्रक्रिया न केलेले प्राणी मूळ स्थिती दाखवण्यासाठी ठेवावेत. औषधाचा परिणाम त्यांच्याशी तुलना करून सांगता येत नाही. रॅटची निवड मात्र योग्य आहे, कारण त्याच्या हृदयात पर्यायी रक्तवाहिन्यांचे जाळे विरळ असते. गिनीपिगमध्ये ते इतके दाट असते की धमनी बांधूनही इन्फार्क्ट होत नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाताकडे बहुतेक नवे संशोधक पुरेसे लक्ष देत नाहीत, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. 1986 मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवले की रक्तपुरवठा आधी पाच-पाच मिनिटे असा चार वेळा थांबवून पुन्हा सुरू केला, तर पुढे चाळीस मिनिटांच्या अडथळ्यानंतर होणारा इन्फार्क्ट तशी पूर्वतयारी न केलेल्या प्राण्यांच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशच राहतो. आता शिकाऊ हाताचा विचार करा: तो दोरा आवळतो, जागा चुकली असे वाटून सैल करतो आणि पुन्हा आवळतो. अशा प्राण्याच्या हृदयाला औषध न देताही थोडेफार संरक्षण मिळण्याची शक्यता निर्माण होते. शरीराचे तापमान एक-दोन अंशांनी घसरले तरी इन्फार्क्ट लहान होतो, म्हणून गुदाशयातील तापमापक आणि नियंत्रित उष्ण पृष्ठभाग वापरून ते 37 अंशांच्या आसपास स्थिर ठेवणे अनिवार्य आहे. दोरा एकदाच आवळायचा, डाव्या जवनिकेचा खालचा भाग फिकट पडला आणि ईसीजीत एसटी भाग (हृदयस्नायूला रक्त कमी पडल्याचे दाखवणारा आलेखाचा तुकडा) उचलला गेला तरच धमनी बंद झाली असे मानायचे, आणि गट ठरवणारी चिठ्ठी यानंतरच दुसऱ्या सहकाऱ्याने उघडायची, हे नियम पहिल्या प्राण्याआधी लिहून ठेवा. अर्थात औषध धमनी बांधण्याआधी द्यायचे असेल, तर तोच सहकारी चिठ्ठीनुसार सारख्याच दिसणाऱ्या सिरिंज भरून देईल आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला गट कळणार नाही, अशी व्यवस्था करा. हात बसेपर्यंतचा सराव अन्य कारणाने आधीच मृत झालेल्या प्राण्यांवर करावा.

दगावणाऱ्या प्राण्यांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. धमनी बांधल्यानंतर लवकर येणारे मृत्यू बहुधा जवनिकेच्या अनियमित ठोक्यांमुळे होतात, आणि ज्यांच्या हृदयस्नायूचा मोठा भाग निकामी झाला आहे त्यांना हा धोका अधिक असतो. समजा तुमच्या औषधामुळे नेमके हेच प्राणी अधिक संख्येने मेले, तर त्या गटात उरलेल्यांचे इन्फार्क्ट सरासरीने लहान भरतील, आणि घातक औषध उपकारक असल्याचा निष्कर्ष निघेल. म्हणून चिठ्ठी उघडल्यानंतरचा प्रत्येक मृत्यू, त्याची वेळ आणि शवविच्छेदनातले निष्कर्ष गटनिहाय नोंदवलेच पाहिजेत. रक्तस्रावासारख्या तांत्रिक कारणाने प्राणी वगळायचा असेल, तर तो निकष आधी लिहिलेला असावा आणि वगळणाऱ्याला गट ठाऊक नसावा. वगळलेल्या प्राण्यांची गटनिहाय संख्या आणि कारणे सांगण्याची अपेक्षा 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि 2020 मध्ये सुधारलेल्या अराइव्ह या, प्राण्यांवरील प्रयोगांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे.

एवढी काटेकोर नोंद ठेवल्याने काय साधते, हे याच प्रारूपाच्या इतिहासात दिसते. मार्क आणि जेनिस फेफर यांच्या गटाने रॅटमध्ये धमनी बांधून प्रत्येक प्राण्याच्या इन्फार्क्टचा आकार मोजला आणि 1985 मध्ये दाखवले की कॅप्टोप्रिल या रक्तदाब कमी करणाऱ्या औषधाने प्राणी अधिक काळ जगतात, विशेषतः इन्फार्क्ट मध्यम आकाराचा असेल तेव्हा. उपचार त्यांनी धमनी बांधल्यानंतर दोन आठवड्यांनी सुरू केले होते, म्हणजे परिणाम मूळ इजा कमी होण्यातून आलेला नव्हता. पुढे हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदय कमजोर झालेल्या 2231 रुग्णांवर झालेल्या सेव्ह या चाचणीत, 1992 मध्ये, कॅप्टोप्रिलमुळे एकूण मृत्यूंचा धोका 19 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तरुण, निरोगी रॅट आणि अनेक वर्षांच्या धमनीविकाराने ग्रासलेला वयस्क रुग्ण यांच्यात मोठे अंतर आहेच, पण प्रश्न नेमका असेल तर ते कधीकधी ओलांडता येते.

वेदनाशामकाबाबत मी ठाम आहे. छाती उघडलेल्या प्राण्याला वेदनेत ठेवणे मला मान्य नाही आणि शास्त्रीयदृष्ट्याही त्याने काही साधत नाही, कारण वेदनेमुळे ताणाची संप्रेरके वाढतात, हृदयगती वाढते, खाणे घटते आणि प्रतिकारशक्तीचे वर्तन बदलते, म्हणजे ज्या दाहाला तुम्ही शुद्ध स्वरूपात पाहू इच्छिता तोच विकृत होतो. अफूवर्गीय औषधेही हृदयस्नायूवर परिणाम करतात, ही तुमची शंका रास्त आहे. त्यावरचा उपाय असा की ब्युप्रेनॉर्फिनसारखे एकच औषध, एकाच मात्रेत आणि एकाच वेळी, शॅमसह सर्व गटांना द्यावे, आणि ते शुद्धीवर येण्यापूर्वी सुरू करावे. वजन, हालचाल, श्वसन आणि चेहऱ्यावरील वेदनेच्या खुणा यांची नोंद पहिले काही दिवस दिवसातून किमान दोनदा ठेवा, आणि कोणत्या स्थितीत प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा ते प्राणी नैतिकता समितीकडे पाठवण्याच्या प्रस्तावातच स्पष्ट लिहा.