मांजर घरात की दारात? वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं

प्रश्न : ठाण्यात पाचव्या मजल्यावर राहतो. वर्षाचा बोका रात्रभर दाराशी ओरडतो. त्याला कोंडून ठेवणं क्रूरपणा नाही का?

उत्तर : नसबंदीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे ती झालेली नसावी. मग हे ओरडणं हिंडायच्या हौसेचं नाही. आसपास एखादी भाटी माजावर आली असणार. शस्त्रक्रिया पाचव्या-सहाव्या महिन्यातच करता येते. वर्षाच्या बोक्याचीही करून घ्या. फरक पडायला काही आठवडे जातात. मग उरतो कंटाळा. मांजराची शिकारीची वेळ पहाट आणि तिन्हीसांज, आणि नेमके तेव्हा आपण झोपेत किंवा लोकलमध्ये! झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं दोरीला पीस बांधून त्याला पळवा, शेवटी पकडू द्या आणि लगेच जेवण द्या. पोट भरलं की अंग चाटून झोपेल. कपाटाच्या माथ्यावर बसायला जागा करून द्या. रात्री ओरडला म्हणून दार मात्र एकदाही उघडू नका. शहरात मी मांजर घरातच ठेवण्याच्या बाजूचा आहे, पण त्याच्याशी खेळायला वेळ नसेल तर पाळूच नये.

प्रश्न : मांजर चार पायांवरच पडतं ना? मग गॅलरीला जाळी कशाला?

उत्तर : पायांवर पडलं तरी जबडा फुटतो, टाळू फाटतो, फुप्फुसाला मार बसतो. कबुतर दिसलं की त्याला मजल्याचं भान राहत नाही. जाळी नायलॉनची, घट्ट ताणलेली हवी. डासांची नखांनी फाटते.

प्रश्न : कुडाळजवळ घर आहे. मांजर उंदरांसाठीच पाळलंय, ते आत कसं ठेवू?

उत्तर : दिवसा हिंडू दे. संध्याकाळचं जेवण घरातच द्या, म्हणजे दिवेलागणीला आपसूक येईल. मग दार लावा. रात्री मण्यार आणि बिबट्या दोघेही बाहेर असतात. नसबंदी आणि रेबीजची लस हवीच. नसबंदीने शिकार सुटत नाही, काळजी नको. उंदराचं विष मात्र घालू नका. विष खाल्लेला उंदीर मांजरालाही घेऊन जातो.

प्रश्न : बोक्याशी भांडून आलंय. बारीक जखमेला हळद लावली, पुरे ना?

उत्तर : नाही. दाताचं भोक वरून बुजतं आणि आत पू होतो. दवाखान्यात न्या. तापाची पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. सोडवताना तुम्हाला चावलं असेल, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी आजच डॉक्टरांकडे जा.