गाडीचं इंजिन विमानाला चालेल का? आणि आणखी तीन प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, प्लॅन्स आणून दोन सीटचं लाकडी विमान घरी बांधतोय. पंख झाले, बॉडी झाली, आता इंजिनपाशी अडलोय. डिझायनरने 80 ते 100 हॉर्सपॉवर लिहिलंय. मित्राकडे कारचं 1.6 लिटरचं इंजिन पडून आहे, 110 हॉर्सपॉवरचं, एकदम चांगल्या कंडिशनमधलं, आणि विमानाच्या इंजिनाच्या मानाने फुकटातच पडतंय. बसवू का?

उत्तर: पंख आणि बॉडी पूर्ण केलीत त्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन, बरेच जण तिथपर्यंतही पोचत नाहीत. आता इंजिनाचं बोलू. तुमच्या मित्राचं इंजिन ते 110 हॉर्सपॉवर साधारण 6000 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास देतं, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, त्या स्पीडला फिरवता येत नाही. हिशोब स्वतः करून बघा. 72 इंची म्हणजे 1.83 मीटरचा पंखा 2700 आरपीएमला फिरला की त्याचं टोक सेकंदाला जवळपास 259 मीटर जातं, आवाजाचा वेग आहे साधारण 340. तोच पंखा 5500 ला फिरवला तर टोक 527 मीटरवर जाईल, म्हणजे आवाजाच्या कितीतरी पुढे, आणि मग नुसता कर्णकर्कश आवाज होतो, ओढ मिळत नाही. म्हणून मध्ये रिडक्शन, म्हणजे इंजिनाचा वेग कमी करून पंख्याला देणारा गिअरबॉक्स किंवा बेल्ट, लागतोच लागतो.

आणि कारचं इंजिन घरी विमानाला बसवताना सगळ्यात जास्त डोकेदुखी याच रिडक्शनची असते, इंजिनाची नाही. इंजिन एकसारखं फिरत नाही, प्रत्येक सिलेंडर पेटला की क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) एक झटका बसतो, आणि पलीकडे पंखा जडच्या जड, त्याला वेग बदलायचा नसतो, मग ती सगळी पिळवटणूक मधल्या गिअरवर आणि कपलिंगवर येते. एखाद्या ठराविक आरपीएमला हे झटके आणि शाफ्टची स्वतःची कंपनं जुळली की चांगलं स्टीलसुद्धा तुटतं. कारमध्ये हे होत नाही कारण तिथलं फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स सगळं एकमेकांसाठी डिझाइन केलेलं असतं. शिवाय कार हायवेला इंजिनाच्या ताकदीचा थोडासाच भाग वापरते, विमान टेकऑफला पूर्ण आणि नंतर तासन् तास 75 टक्के मागतं.

कारचं इंजिन विमानात चालतच नाही असं मी मुळीच म्हणत नाहीये. बर्नार्ड पीटनपोलने 1929 च्या सुमारास फोर्ड मॉडेल ए चं इंजिन आपल्या एअर कँपर या घरगुती विमानाला लावलं आणि ते मस्त उडलं, पण ते इंजिन 2200 आरपीएमलाच आपले 40 हॉर्सपॉवर देत होतं त्यामुळे पंखा थेट लागला, मधे काही नाही. फोक्सवॅगन बीटलचं एअरकूल्ड इंजिनही असंच थेट पंखा लावून वर्षानुवर्षं उडतंय, मात्र त्याचे सिलेंडर हेड लवकर तापतात म्हणून सतत घेता येणारी ताकद कागदावरच्यापेक्षा कमी धरायची.

आता विमानासाठीच बनवलेलं रोटॅक्स 912 यूएलएस इंजिन बघा, 1352 सीसी, 100 हॉर्सपॉवर, तेही 5800 आरपीएमला (आणि तेवढं फक्त 5 मिनिटं, नंतर 5500). ते चालतं कारण वेग 2.43 पटीने कमी करणारा गिअरबॉक्स कारखान्यातच त्याच इंजिनासाठी बनवलाय. इंजिन 5500 ला असताना पंखा 2263 ला फिरतो. तुमच्या विमानाला माझं मत याच्याच बाजूने आहे, नाहीतर काँटिनेंटल ओ-200 हे विमानाचंच इंजिन, तेही 100 हॉर्सपॉवरचं, साधं, थेट पंख्याचं, थोडं जड. पण डिझायनरने इंजिनाचं जे वजन धरलंय ते आधी बघा, आणि तुलना करताना नुसतं इंजिन तोलू नका, रेडिएटर, पाणी, ऑइल, एग्झॉस्ट, माउंट, बॅटरी, फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक भिंतीच्या) पुढे जे जे येणार ते सगळं एकत्र तोला. नाक 15 किलोने जड झालं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि लँडिंगला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) कमी पडायला लागतो. शेपटीत शिसं भरून हे सुधारतात काही जण, मला ते बघवत नाही, एवढ्या कष्टाने हलकं बांधलेलं विमान असतं हो ते.

प्रश्न: माझ्या प्लॅनमध्ये 100 हॉर्सपॉवर आहे, मी 150 चं लावलं तर स्पीड दीडपट होईल ना?

उत्तर: नाही. लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे दीडपट ताकदीला वेग वाढतो जेमतेम 14 टक्के. चढाई मात्र खूप सुधारते. पण लायकॉमिंग कंपनीच्या ओ-320 सारखं विमानाचं इंजिन 110 किलोच्या वर जातं, पेट्रोल जास्त पितं म्हणून टाकी मोठी, आणि कमाल वेगाची मर्यादा तर तीच राहते, ती ओलांडली की कंट्रोल सरफेस (विमान वळवणाऱ्या पंख-शेपटीच्या हलत्या फळ्या) फडफडून तुटू शकतात. डिझायनरची वरची मर्यादा ओलांडू नका.

प्रश्न: लायकॉमिंग मिळतंय, ओव्हरहॉलनंतर फक्त 200 तास चाललेलं, पण 15 वर्षं बंद. घ्यावं का?

उत्तर: तासांवर भाळू नका. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो, बंद इंजिनात त्याच्यावरचं ऑइल खाली उतरून जातं आणि गंज धरतो. कंपनीसुद्धा ओव्हरहॉलला तासांसोबत 12 वर्षांची मर्यादा सांगते. सिलेंडर काढून कॅम आणि त्यावर टेकणारे लिफ्टर डोळ्यांनी बघायला मिळाले तरच पुढे बोला, आणि लॉगबुकमध्ये पंखा जमिनीला घासल्याची नोंद आहे का ते शोधा. लॉगबुकच नसेल तर ते इंजिन उघडून पूर्ण ओव्हरहॉल करायचंय असं समजूनच भाव ठरवा.

प्रश्न: इंजिन बसवलं, मस्त सुरू झालं. आता उडवायच्या आधी काय बघू?

उत्तर: पेट्रोल. आमच्या विमानात आम्ही स्वतःच फ्युएल लाइन एग्झॉस्टच्या फार जवळून नेली होती. थंड असताना इंजिन छान चालायचं, गरम करून बंद केलं आणि दहा मिनिटांनी परत लावलं की फुल थ्रॉटलला गचके द्यायचं, लाइनमध्ये वाफ धरत होती. हे जमिनीवर कळलं म्हणून बरं, हवेत कळलं असतं तर काय, हा विचार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही नाक चढाईच्या कोनात वर करून, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवून, कार्ब्युरेटरपाशी पाइप काढून मिनिटाला किती येतं ते मोजा. टेकऑफला इंजिन जेवढं पितं त्याच्या दीडपट यायला हवं, पंप असेल तर सव्वापट. मग सगळी लाइन उष्णतेपासून झाकून घ्या आणि गरम इंजिनावर परत तीच टेस्ट करा, एकदा नाही, तीन-चार वेळा.