कोळशाचा विस्तव

प्रिय भगिनी,

आपले चार पानी पत्र मी दोनदा वाचले. अकरा वर्षांपूर्वी घराच्या वाटणीवरून आईशी आणि धाकट्या भावाशी आपले बिनसले, त्यानंतर दोन वर्षे आपण माहेरची पायरी चढला नाहीत, आणि आई गेल्याचा निरोप मिळून आपण गावी पोहोचलात तेव्हा दफनविधी आटोपला होता. तेव्हापासून प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभू येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी आपण मागच्या बाकावर बसून राहता. त्यातच मंडळीतील, म्हणजे आपल्या चर्चमधील, एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी "प्रभूने क्षमा केली, आता मागचे विसरा, विसरता येत नसेल तर विश्वास कमी पडतो आहे," असे सांगितल्याने आपल्याला स्वतःच्या विश्वासाचीच शंका येऊ लागली आहे.

त्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल, पण हा सल्ला मला मान्य नाही. त्यांच्या मनात बहुधा बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील तेरावे वचन असावे, जिथे प्रेषित पौल मागील गोष्टींकडे दुर्लक्ष करून पुढे धावण्याविषयी लिहितो. मात्र त्याच अध्यायात, अवघी सात वचने आधी, आपण मंडळीचा छळ करणारे होतो हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याला ते पक्के आठवत होते. फक्त त्या आठवणीने त्याचे पाय बांधले गेले नव्हते.

त्याहून अधिक मी आपल्याला येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पाहायला सांगेन. येशूला अटक झाली त्या रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात, थंडीमुळे पेटवलेल्या कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना, त्याने आपल्या गुरूला ओळखतच नसल्याचे सांगितले. पुढे योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, तिबिर्य समुद्राच्या किनाऱ्यावर प्रभू शिष्यांसाठी न्याहारी तयार ठेवतो, आणि तिथेही कोळशांचाच विस्तव आहे. मूळ ग्रीकमधील हा शब्द बायबलच्या संपूर्ण नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. तीन वेळा नाकारणाऱ्याला प्रभू तीनच वेळा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, असेही योहान लिहितो. त्या रात्रीचा विषय प्रभूने टाळला नाही, पण आधी त्याला जेवू घातले आणि नंतर आपली मेंढरे, म्हणजे आपले अनुयायी, सांभाळायला दिली. भूतकाळ सोडणे म्हणजे काय, या आपल्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

आता प्रभुभोजनाविषयी. आपण स्वतःला अपात्र समजून दूर राहता. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, असे म्हणतो. परीक्षा करून बाकावर बसून राहावे, असे नव्हे. आपली परीक्षा नऊ वर्षे चालली आहे. कोणत्याही शाळेत ती इतकी लांबत नाही.

आपल्या पत्रातील एक वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. तिसऱ्या पानाच्या तळाशी आपण लिहिता की, भाऊ अजून त्याच घरात राहतो आणि आईच्या कबरीवर दर नाताळाला तोच फुले वाहतो. आई आता बोलू शकत नाही, भाऊ बोलू शकतो. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितले आहे, आणि आपल्या बाबतीत ते अक्षरशः लागू पडते. त्याला पत्र लिहा. वाटणीचा हिशेब त्यात आणू नका, चूक कोणाची किती हेही मांडू नका. आईच्या शेवटच्या दिवसांत मी यायला हवे होते, आले नाही, याचे मला दुःख आहे, एवढेच लिहा आणि पुढच्या नाताळाला त्याच्याबरोबर कबरीपाशी येण्याची परवानगी मागा. तो लगेच उत्तर देईल, अशी हमी मी देऊ शकत नाही. रात्रीची झोप जाते असे आपण लिहिले आहे. त्यासाठी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना जरूर भेटा, त्याने विश्वासाला उणेपणा येत नाही.

पत्र टपालात पडले की भावाच्या उत्तराची वाट पाहत थांबू नका. त्यानंतर प्रभुभोजनाचा जो पहिला रविवार येईल, त्या दिवशी मागच्या बाकावरून उठून पुढे जा.

आपली,
ताई