कंट्रोलर बदलायचा केव्हा?

प्रश्न : अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर (यंत्राला आदेश देणारी, स्वतःला जुळवून घेणारी नियंत्रण यंत्रणा) आपले प्राचल, म्हणजे आतील आकडे, चालता चालता स्वतःच सुधारत असेल, तर अनेक कंट्रोलर तयार ठेवून त्यांच्यात स्विचिंग करण्याचा खटाटोप संशोधक का करतात? शिवाय प्रत्येक कंट्रोलर स्वतंत्रपणे स्थिर असूनही स्विचिंगमुळे प्रणाली अस्थिर कशी होते?
— अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी

उत्तर : हळूहळू होणारी सुधारणा प्रत्येक वेळी पुरत नाही, हे त्याचे मूळ कारण. समजा, व्होल्टेज वाढवल्यावर मोटर उजवीकडे फिरेल की डावीकडे हेच ठाऊक नाही, म्हणजे समीकरणात इनपुटच्या गुणकाचे चिन्हच अज्ञात आहे. या गुणकाचा अंदाज उणे ०.५ पासून सुरू झाला आणि खरे मूल्य अधिक १ असले, तर सरकत जाणाऱ्या अंदाजाला वाटेत शून्य ओलांडावे लागते; आणि कंट्रोलर याच अंदाजाने भागाकार करत असेल, तर शून्याजवळ त्याचा आदेश अवाढव्य होतो. याउलट दोन चिन्हांसाठी दोन कंट्रोलर हाताशी ठेवले, तर प्रत्येक चिन्हासाठी प्रणालीचे एक गणिती प्रतिमान असते; ज्या प्रतिमानाचे भाकीत मोजलेल्या आउटपुटशी अधिक जुळते त्याचा कंट्रोलर पर्यवेक्षक (निवड करणारा वरचा भाग) जोडतो, आणि शून्याच्या वाटेला जावेच लागत नाही.

स्वयंसुधारणेचा धोका केवळ कागदावरचा नाही. अमेरिकेच्या एक्स-१५ या प्रायोगिक रॉकेट विमानांपैकी तिसऱ्यात एमएच-९६ ही अ‍ॅडॅप्टिव्ह प्रणाली होती. किंचित दोलन दिसेपर्यंत गेन (चुकीला किती जोराने प्रतिसाद द्यायचा याचे प्रमाण) वाढवत नेणे आणि मग तो कमी करणे, ही तिची रीत. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी विजेच्या बिघाडापासून सुरू झालेल्या घटनाक्रमात विमान गिरक्या घेऊ लागले. वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स यांनी विमान गिरक्यांतून बाहेर काढले, परंतु त्यानंतरच्या दोलनात गेन पुरेसा उतरलाच नाही. विमानाचे तुकडे झाले आणि अ‍ॅडम्स मृत्यू पावले. सारा दोष एमएच-९६ वर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अशा चढउतारातच आहे. स्थिर प्रणालीचे विचलन (अपेक्षित स्थितीपासून ढळणे) अखेरीस विरते, पण विरण्यापूर्वी ते काही काळ वाढू शकते. नेमक्या त्या वाढीच्या काळातच दरवेळी कंट्रोलर बदलला, तर वाढीवर वाढ चढत जाते. म्हणून येल विद्यापीठाचे स्टीफन मोर्स यांच्यासारख्या संशोधकांनी बदलीला अटी घातल्या: जोडलेला कंट्रोलर ठरावीक किमान काळ तरी चालू द्यायचा, किंवा प्रतिस्पर्धी प्रतिमानाची चूक स्पष्ट फरकाने कमी असल्याशिवाय बदल करायचाच नाही. रेषीय प्रणालींत (जिथे परिणाम कारणाच्या प्रमाणात असतो) पहिली अट चांगली चालते. अरेषीय प्रणालीत मात्र चुकीच्या कंट्रोलरखाली विचलन मर्यादित वेळातच अनंताकडे जाऊ शकते, त्यामुळे सक्तीने थांबणेच घातक ठरते. तिथे माझा कल दुसऱ्या अटीकडे आहे.