तालुक्याच्या गावी वाइन शॉपमध्ये युरोपियन वाइन चाखून घेता येते का?

नाही. आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये सीलबंद बाटली विकतात, घोटभर चाखायला देत नाहीत. (वर्धा, गडचिरोलीत तर दारूबंदीच.) मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्या दुकानात 'वाइन' मागितली की व्हिस्कीची क्वार्टर पुढे येते! म्हणून आम्ही चौघं वर्गणी काढून नागपूरहून एक बाटली आणतो अन् घरीच चाखतो.

बाटलीवर द्राक्षाचं नाव शोधत बसू नका. युरोपात बहुतेकदा प्रदेशाचंच नाव असतं: फ्रान्समधलं शाब्ली म्हणजे शार्डोने द्राक्ष, इटलीतलं कियांती म्हणजे मुख्यतः सांजोवेझे द्राक्ष.

खरी गोम तापमानाची. रेड वाइन 'रूम टेंपरेचरला' प्या म्हणतात, पण ती खोली तिकडची, 16-18 अंशांची. मे महिन्यात आमची खोली कूलर लावूनही 30 च्या वर. पहिली बाटली तशीच उघडली, तर नाकात नुसता अल्कोहोलचा भपका. आता तासभर फ्रिजमध्ये ठेवतो. ग्लास तिसरा हिस्साच भरा, फिरवा, हुंगा, मग घोट तोंडात घोळवा. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळल्या, तर ते टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतला तुरटपणा. सोबत सावजी रस्सा मात्र नको, जीभच बधिर होते.