डीफ्रॅग मारण्याआधी आत कोणती डिस्क आहे ते बघा

प्रश्न : माझा पीसी आठ वर्षं जुना आहे, विंडोज १०, १ टीबीची हार्ड डिस्क. चालू केला की पहिली दहा मिनिटं नुसता घरघरत बसतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते. मित्र म्हणतो डीफ्रॅग मार, पळायला लागेल. भाऊ म्हणतो आता कोणी डीफ्रॅग करत नाही, उलट डिस्क खराब होते. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही बरोबर आहे, फक्त मित्र फिरणाऱ्या हार्ड डिस्कबद्दल बोलतोय आणि भाऊ एसएसडीबद्दल, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या, चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कबद्दल. डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर तुकड्यातुकड्यांत पडलेल्या फायली पुन्हा सलग लावणं. तुमच्याकडे फिरणारी आहे म्हणजे मित्राचा सल्ला तुम्हाला लागू होतो, पण तेवढ्याने पीसी पळेलच असं नाही, का ते सांगतो.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि तिच्यावर एक हेड आतबाहेर सरकत असतं. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा धरा, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि त्याआधी हेडला योग्य ट्रॅकवर सरकायला साधारण ९. म्हणजे एका उडीला १३ मिलिसेकंद गेले. ऐकायला काहीच वाटत नाही, पण १०० एमबीची फाइल सलग असेल तर ती सेकंदाभरात वाचून होते आणि तीच हजार तुकड्यांत पडली असेल तर नुसत्या उड्यांनाच १३ सेकंद लागतात. तुम्हाला जी घरघर ऐकू येते ना, ती बऱ्याचदा या उड्यांचीच असते.

आता हे तुकडे पडतात कसे? विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टिम डिस्कचे साधारण ४ केबीचे छोटे कप्पे पाडते, त्याला क्लस्टर म्हणतात. ४ एमबीचा एक फोटो म्हणजे १०२४ क्लस्टर. सलग जागा मिळाली तर एनटीएफएस आपल्या वहीत (एमएफटी म्हणतात तिला) एकच नोंद करते, अमुक क्लस्टरपासून पुढे १०२४. पण डिस्क भरत आलेली असेल, मधूनमधून फायली डिलीट होऊन भोकं पडलेली असतील तर ३०० इथे, ५० तिथे, उरलेले तिसरीकडे असं करत ती फाइल बसवावी लागते. आणि ज्या फायली रोज थोड्या थोड्या वाढतात, म्हणजे मेलची मोठी फाइल, लॉग, डेटाबेस, त्यांचे तुकडे सगळ्यात जास्त, कारण त्यांच्या शेजारची जागा तोवर दुसऱ्याच कुणीतरी घेतलेली असते.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, डीफ्रॅगपेक्षा मोकळी जागा महत्त्वाची, निदान १५ टक्के तरी ठेवाच. दुसरं असं की तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त डेटा मावतो म्हणून तिथला वेग आतल्या बाजूपेक्षा जवळपास दुप्पट असतो, आणि डिस्क सहसा बाहेरून आत भरत जाते. त्यामुळे काठोकाठ भरलेली डिस्क दोन्हीकडून मार खाते.

आता तुमच्या पीसीचं. स्टार्टमध्ये 'डीफ्रॅग' टाइप करा, जी विंडो उघडेल तिथे मीडिया टाइप दिसेल, ॲनालाइझ दाबा. विंडोज हे काम आठवड्यातून एकदा आपलं आपण करत असतं, त्यामुळे बऱ्याच जणांना तिथे तुकड्यांचं प्रमाण २-३ टक्केच दिसतं. तसं असेल तर डीफ्रॅग करून काहीच फरक पडणार नाही, दुखणं दुसरीकडे आहे. चालू होताना एकदम उठणारे प्रोग्रॅम बघा, रॅम किती आहे ते बघा, कारण रॅम कमी पडली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरायला लागतं आणि मग ते १०० टक्के दिसतात. २०-३० टक्के दिसले तर खुशाल ऑप्टिमाइझ करा, मोठी डिस्क असेल तर रात्रभर चालू ठेवा.

पण त्याच्याआधी एक गोष्ट, आणि ही मनापासून सांगतोय. डिस्कमधून टिकटिक असा आवाज येत असेल, फायली उघडताना एरर येत असतील, तर डीफ्रॅगला हातही लावू नका. माझ्या मामेभावाने असं केलं होतं, स्लो झाला म्हणून डीफ्रॅग लावून झोपला, सकाळी १४ टक्क्यांवर अडकलेलं, रीस्टार्ट केल्यावर डिस्क दिसेचना. मुलीचे लहानपणीचे सगळे फोटो त्यात होते, दुसरी कॉपी नव्हती. मरायला टेकलेल्या डिस्कला डीफ्रॅग म्हणजे आजारी माणसाला डोंगर चढायला लावणं. आधी बॅकअप, मग स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे) आकडे बघा, रीॲलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने डिस्कने बदललेल्या जागा) वाढत असतील तर डिस्कच बदला. आणि बदलताच आहात तर विंडोजसाठी एसएसडी घ्या, जुन्या पीसीत याच्याइतका फरक कशानेच पडत नाही.

प्रश्न : मला माहीत नव्हतं आणि मी एसएसडीवर बाहेरच्या सॉफ्टवेअरने तीन-चार वेळा डीफ्रॅग केलं. डिस्क गेली का?

उत्तर : नाही, घाबरू नका. तीन-चार वेळांनी काही होत नाही, फक्त फायदाही झाला नाही. एसएसडीत तबकडी नाही, हेड नाही, त्यामुळे उडीचा वेळच नाही. शिवाय विंडोजला जे क्लस्टर शेजारी शेजारी दिसतात ते आतल्या चिपमध्ये शेजारी असतीलच असं नाही, कुठे काय ठेवायचं ते एसएसडीचा कंट्रोलर ठरवतो. म्हणजे तुम्ही नकाशावर घरं हलवलीत, गाव तसंच विखुरलेलं राहिलं. त्यात चिपमधल्या प्रत्येक सेलवर (डेटा साठवायच्या बारीक कप्प्यावर) लिहिण्याला मर्यादा असते आणि डीफ्रॅग म्हणजे नुसतं लिहिणं, तेवढी झीज फुकट. ते सॉफ्टवेअर काढून टाका. विंडोजचं स्वतःचं ऑप्टिमाइझ मात्र बंद करू नका, एसएसडी दिसली की ते सहसा ट्रिम पाठवतं, म्हणजे कोणती जागा आता मोकळी आहे ते डिस्कला कळवतं, आणि ते तिला हवंच असतं.

प्रश्न : ५ जीबीचा एक व्हिडिओ झटकन कॉपी होतो, पण तेवढ्याच साइझचं छोट्या छोट्या फायलींचं फोल्डर तासभर घेतं. डीफ्रॅग केलं तरी तेच. असं का?

उत्तर : कारण इथे तुकड्यांचा संबंधच नाही. प्रत्येक फाइलसाठी एमएफटीत नवी नोंद, फोल्डरच्या यादीत नाव, लॉगमध्ये नोंद, मग डेटा, आणि वर अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघणार. व्हिडिओला हे एकदाच करावं लागतं, ५०,००० फायलींना ५०,००० वेळा. प्रत्येक फाइल अगदी सलग असली तरी हा खर्च सुटत नाही. सारखं इकडून तिकडे न्यायचं फोल्डर असेल तर झिप करून एकच फाइल करा, कॉम्प्रेशन शून्य ठेवलं तरी चालेल, आणि पलीकडे गेल्यावर सगळं उघडायची गरज नसेल तर तसंच झिपमध्ये राहू द्या, कारण उघडताना त्या ५०,००० नोंदी परत कराव्याच लागतात.